पोस्टविल: आयोवातील एका लहान गावाची बदलती वस्ती

पोस्टविल हे अमेरिकेच्या आयोवा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातले गाव. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला सुमारे चाळीस किलोमीटरवर, अलामकी आणि क्लेटन या दोन काउंट्यांच्या हद्दीवर ते वसले आहे. आयोवाचा बराचसा भाग सपाट आणि मक्या-सोयाबीनच्या शेतांचा आहे. हा कोपरा त्याला अपवाद. शेवटच्या हिमयुगातले बर्फाचे थर इथपर्यंत पोचले नाहीत, त्यामुळे टेकड्या, चुनखडीचे कडे आणि खोल ओढे शाबूत राहिले. अशा जमिनीवर शेताला जोडून दुभती जनावरे आणि डुकरे पाळण्याची पद्धत रुजली, आणि गावाच्या पुढच्या इतिहासात या जनावरांना मोठे स्थान मिळाले.

1990 च्या जनगणनेत पोस्टविलची लोकसंख्या 1,472 होती आणि तीत जवळजवळ सगळे गोरे ख्रिस्ती होते. 2000 साली ती 2,273 झाली. त्या दहा वर्षांत गावात ब्रुकलिनहून आलेले हसिदी ज्यू, युक्रेन आणि रशियातले कामगार, मेक्सिको आणि ग्वातेमालातली कुटुंबे राहू लागली होती. ग्रामीण अमेरिकेतली शेकडो गावे याच काळात ओस पडत चालली असताना पोस्टविल भरत होते. गावात कोण राहणार हे इथे प्रत्येक पिढीत, गावाला कोणत्या कामासाठी माणसे लागतात यावर ठरत आले आहे. 1987 नंतर हा बदल फक्त फार वेगाने झाला.

मूळ रहिवासी आणि पहिली वसाहत

या भागातली एक जुनी मानवी खूण म्हणजे मिसिसिपीच्या काठावरच्या टेकड्यांवरचे मातीचे उंचवटे. अस्वलांच्या आणि पक्ष्यांच्या आकारांचे हे उंचवटे हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी उभारले. 1949 साली त्यांना ‘एफिजी माउंड्स’ या नावाने राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. 1830 च्या तहाने सरकारने सू लोक आणि सॉक-मेस्क्वाकी लोक यांच्यामध्ये एक तटस्थ पट्टा आखला. 1840 पासून विस्कॉन्सिनमधल्या हो-चंक लोकांना त्यांच्या भूमीवरून उठवून या पट्ट्यात आणून बसवले गेले आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला फोर्ट अ‍ॅटकिन्सन हा किल्ला बांधला गेला. मिसिसिपीकाठच्या फोर्ट क्रॉफर्डपासून या किल्ल्याकडे जाणारा लष्करी रस्ता आजच्या पोस्टविलवरून जात असे.

1840 च्या दशकात जोएल पोस्ट याने या रस्त्यावर, प्रवासाच्या साधारण निम्म्या टप्प्यावर, घर बांधून उतरण्याची सोय केली. गावाला त्याचेच नाव मिळाले. आयोवा 28 डिसेंबर 1846 रोजी राज्य झाले आणि 1848 मध्ये हो-चंक लोकांना पुन्हा उठवून मिनेसोटात हलवण्यात आले. त्यांची जमीन वसाहतवाल्यांना खुली झाली. गोऱ्या शेतकऱ्यांचे स्थिर गाव म्हणून पुढे ओळखले गेलेले पोस्टविल अशा रीतीने आधीची वस्ती हटवून वसले.

जर्मन, नॉर्वेजियन आणि आयरिश

पहिले वसाहतवाले न्यूयॉर्कसारख्या पूर्वेकडच्या राज्यांतून आले. त्यांच्यामागोमाग जर्मन आणि नॉर्वेजियन शेतकरी आले, काही आयरिश कुटुंबेही आली. शेजारच्या डेकोरा गावात नॉर्वेजियन ल्युथरन लोकांनी ल्युथर कॉलेज काढले. पोस्टविलच्या आसपास जर्मनांचा भरणा अधिक होता. 1860 च्या दशकात रेल्वे आली आणि रस्त्यावरचा थांबा बाजाराचे गाव झाला. धान्य, लोणी, जनावरे बाहेर जाऊ लागली. इमारती लाकूड, नांगर आणि किराणा आत येऊ लागला.

या व्यापारी वर्गातल्या एका घराण्याचे नाव जगभर गेले. जॉन मॉट हा लहान बाळ असताना, 1865 साली, त्याचे आईवडील न्यूयॉर्क राज्यातून पोस्टविलला आले. वडिलांनी लाकडाची वखार काढली आणि ते गावाचे पहिले महापौर झाले. जॉन मॉट पुढे वायएमसीए आणि जागतिक ख्रिस्ती विद्यार्थी चळवळीचा पुढारी झाला. 1946 चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्याला एमिली बाल्च यांच्याबरोबर विभागून मिळाले.

गावाचे सामाजिक आयुष्य चर्चभोवती फिरत असे. ल्युथरन आणि कॅथलिक एकमेकांपासून अंतर राखून असत, लग्ने आपापल्या पंथात होत, आणि जर्मन घरांत जर्मनच बोलली जाई. पहिल्या महायुद्धाने त्यात खंड पाडला. 23 मे 1918 रोजी गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फर्मान काढून शाळांत, सार्वजनिक ठिकाणी, आगगाडीत, टेलिफोनवर आणि चर्चमधल्या प्रवचनातही इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायला बंदी घातली. अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याने असे इतके कडक पाऊल उचलले नव्हते. फर्मान त्याच वर्षी, युद्ध संपल्यावर मागे घेतले गेले. पण जर्मन भाषा सार्वजनिक जीवनातून जवळपास गेली. त्यानंतरच्या दोन पिढ्यांत जर्मन, नॉर्वेजियन आणि आयरिश ही ओळख आडनावांपुरती आणि चर्चपुरती उरली. एकजिनसी, इंग्रजी बोलणारे गाव म्हणून पोस्टविलकडे पाहिले गेले ते चित्र या सत्तर-ऐंशी वर्षांतले आहे.

1980 चे दशक

शतकभर शेती हाच आधार होता आणि तो हळूहळू माणसांना कमी काम देऊ लागला. ट्रॅक्टर आणि कापणीयंत्रे आली, शेते मोठी झाली, शेतकरी घरे कमी झाली. अलामकी काउंटीची लोकसंख्या 1900 साली साडेअठरा हजारांच्या वर होती. 2000 पर्यंत ती पंधरा हजारांच्या खाली आली.

1980 च्या दशकातल्या शेती संकटाने या उताराला वेग दिला. 1970 च्या दशकात धान्याला भाव होता, तेव्हा बँकांनी उत्साहाने कर्जे दिली आणि शेतकऱ्यांनी महागड्या जमिनी घेतल्या. मग व्याजदर चढले, निर्यात घटली, आणि तारण ठेवलेल्या जमिनीचीच किंमत कोसळली. आयोवात एकरी सरासरी भाव 1981 मध्ये 2,147 डॉलर होता. 1986 मध्ये तो 787 डॉलरवर आला. लिलाव झाले, गावातल्या बँका आणि अवजारांची दुकाने बंद पडली, शाळा शिकून झालेली मुले डेस मॉइन, मिनियापोलिस, शिकागोला निघून गेली.

मांसधंद्यातही याच सुमारास उलथापालथ चालू होती. पूर्वी जनावरे रेल्वेने शिकागोसारख्या शहरांत जात आणि तिथले संघटित कामगार चांगल्या पगारावर काम करत. 1960 मध्ये आयोवातल्या डेनिसन येथे सुरू झालेल्या ‘आयोवा बीफ पॅकर्स’ या कंपनीने कारखाने जनावरांच्या जवळ, खेड्यांत नेले, कापणीचे काम साध्या तुकड्यांत वाटले आणि कमी मजुरी देऊ केली. इतर कंपन्यांनी हीच वाट धरली. संघटनांचा जोर मोडला. मिनेसोटातल्या ऑस्टिन येथे हॉर्मेल कंपनीत 1985-86 मध्ये झालेला संप फसला. मजुरी घसरली तसे स्थानिक लोक या कामापासून दूर झाले आणि त्यांची जागा भरायला दुरून माणसे आणण्याची रीत पडली. पोस्टविलच्या वेशीवरचा जुना मांस कारखाना तेव्हा बंद पडून होता.

ब्रुकलिनचा खाटीक

1987 साली ब्रुकलिनमधल्या एका कोशर मांसाच्या दुकानाचे मालक अ‍ॅरन रुबाश्किन यांनी हा कारखाना विकत घेतला. रशियात जन्मलेले रुबाश्किन हे हसिदी ज्यूंच्या लुबाविच पंथातले. कारखान्याचे नाव ‘अ‍ॅग्रिप्रोसेसर्स’ ठेवले गेले आणि पुढे त्यांचा मुलगा शोलोम पोस्टविलला राहून त्याचा कारभार पाहू लागला.

निवडीमागचा हिशेब सरळ होता. कोशर मांस तोवर मोठ्या शहरांतल्या ज्यू वस्तीतले खाटीक विकत असत. जनावरे जिथे पाळली जातात तिथेच ती कापून, मांस हवाबंद पाकिटांत भरून देशभर पाठवले तर खर्च कमी होतो आणि ज्यू वस्ती नसलेल्या शहरांतल्या सुपरमार्केटमध्येही कोशर माल विकता येतो. आयोवात जनावरे होती, इमारत स्वस्त होती. धंदा इतका वाढला की अ‍ॅग्रिप्रोसेसर्स हा अमेरिकेतला सर्वांत मोठा कोशर कत्तलखाना झाला.

या धंद्याला दोन प्रकारची माणसे लागत, आणि पोस्टविलची नवी वस्ती त्या दोन गरजांतून घडली. पहिला प्रकार धर्मकार्य करणाऱ्यांचा. कोशर नियमानुसार जनावर शिक्षण घेतलेल्या ‘शोखेत’नेच, धारेला एकही खाच नसलेल्या सुरीने, गळ्यावर एका सलग फिरवणीत कापावे लागते. नंतर फुप्फुसे तपासली जातात. ती पूर्ण नितळ निघाली तर मांस ‘ग्लाट’ ठरते आणि कडक सोवळे पाळणाऱ्यांना चालते. रक्त काढण्यासाठी मांस भिजवून मिठात ठेवतात. मागच्या धडातली निषिद्ध शीर काढणे किचकट असल्याने तो भाग बहुधा सर्वसाधारण बाजारात विकला जातो. या सगळ्यावर देखरेख करणारे रब्बी कुटुंबांसह गावात राहायला आले. त्यांच्यामागे सिनेगॉग, मुलांची धार्मिक शाळा, विधिस्नानाचे कुंड आणि कोशर किराणा दुकान आले. दरडोई सर्वाधिक रब्बी असलेले अमेरिकन गाव, असे पोस्टविलबद्दल म्हटले जाऊ लागले.

दुसरा प्रकार कापणी, सोलणी, पॅकिंग आणि धुलाई करणाऱ्या मजुरांचा. सोव्हिएत संघ फुटल्यावर आधी युक्रेन, रशिया, कझाकस्तानातून, युद्धानंतर बोस्नियातून लोक आले. 1990 च्या दशकात मेक्सिकन आले आणि त्यानंतर ग्वातेमालातले लोक मोठ्या संख्येने आले. यांतले पुष्कळजण चिमाल्तेनांगो प्रांतातल्या सान होसे काल्देरास आणि एल रोसारियो या दोन खेड्यांतले होते. आधी आलेल्याने भाऊ, मेहुणा, शेजारी यांना बोलावून घ्यायचे, अशी ही साखळी. अनेकांची मातृभाषा काक्चिकेल ही माया भाषा होती आणि स्पॅनिश त्यांना जेमतेम येत असे.

शेजारी म्हणून राहताना

मूळ गावकरी आणि हसिदी यांच्यात पहिली दहा वर्षे बरीच कुरबूर चालली. छोट्या आयोवा गावात ओळख नसलेल्यालाही हात वर करून नमस्कार करणे, अंगणातले गवत वेळेवर कापणे, बर्फ साफ करणे यांना शिस्तीचे मोल असते. हसिदी पुरुष परस्त्रीशी हस्तांदोलन करत नसत, गावकऱ्यांच्या घरी जेवत नसत, मुलांना सरकारी शाळेत घालत नसत. दुकानात घासाघीस करण्याची त्यांची सवय स्थानिक दुकानदारांना अपमानास्पद वाटे. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत त्यांचे सगळे व्यवहार बंद असत. कोकणातल्या बेने इस्रायलींना शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे ‘शनिवार तेली’ म्हणत, तोच हा शब्बाथ. पण पोस्टविलच्या ल्युथरनांना, ज्यांचा विश्रांतीचा दिवस रविवार होता, तो नवीन होता. उलट बाजूने हसिदींना त्यांच्या धर्माचरणासाठी हे अंतर आवश्यकच वाटत होते.

या तणावाला 1997 मध्ये राजकीय रूप आले. कारखान्याची जमीन गावाच्या हद्दीबाहेर होती, म्हणून तिच्यावर गावाचा कर बसत नव्हता. ती हद्दीत घ्यावी का यावर मतदान झाले. तसे केल्यास कारखाना हलवू, असे मालकांकडून सांगितले गेले. तरीही मतदारांनी हद्दवाढीच्या बाजूने कौल दिला आणि कारखाना कुठेही गेला नाही. आयोवा विद्यापीठातले पत्रकारितेचे प्राध्यापक स्टीफन ब्लूम यांनी या प्रसंगाभोवती ‘पोस्टविल’ हे पुस्तक लिहिले. 2000 साली ते आले आणि गावाचे नाव देशभर गेले.

मग दैनंदिन व्यवहारांनी धार बोथट केली. भाड्याला घरे लागू लागल्याने जुन्या घरांना किंमत आली. मुख्य रस्त्यावर मेक्सिकन खानावळ, ग्वातेमालन दुकान, पैसे पाठवण्याची सोय उघडली. पट कमी झाला म्हणून आसपासच्या शाळा एकमेकींत विलीन होत होत्या तेव्हा पोस्टविलची शाळा इंग्रजी न येणाऱ्या मुलांसाठी शिक्षक शोधत होती. सेंट ब्रिजेट या आयरिश परंपरेच्या कॅथलिक चर्चमध्ये स्पॅनिश प्रार्थना सुरू झाली. गावाने ‘जगाचे आपले गाव’ अशा अर्थाचे घोषवाक्य स्वीकारले.

राज्यपातळीवर मात्र धोरण दोन दिशांना ओढले जात होते. 2000 साली राज्याच्या नियोजन आराखड्याने म्हातारी होत चाललेली लोकसंख्या भरून काढण्यासाठी परदेशातून माणसे यावीत अशी शिफारस केली. लोकमत बिथरले आणि 2002 मध्ये तेव्हाचे गव्हर्नर टॉम व्हिल्सॅक यांनी इंग्रजी ही राज्याची अधिकृत भाषा ठरवणाऱ्या कायद्यावर सही केली.

जनगणनेत न दिसणारे

पोस्टविलसारख्या गावाचे चित्र सरकारी आकड्यांतून अर्धवटच दिसते. अमेरिकेची जनगणना धर्म विचारत नाही. त्यामुळे हसिदी कुटुंबे, युक्रेनी मजूर आणि जुने जर्मन ल्युथरन हे सगळे ‘गोरे’ या एकाच रकान्यात मोजले जातात. हिस्पॅनिक हा वेगळा प्रश्न असतो. त्यात 2000 साली गावातले सुमारे एक पंचमांश आणि 2010 साली सुमारे एक तृतीयांश लोक मोडले. मात्र माया भाषा बोलणारा ग्वातेमालन आणि स्पॅनिश बोलणारा मेक्सिकन यांतला फरक तिथेही पुसला जातो. शिवाय कागदपत्रे नसलेला मजूर, एका घरात दाटीने राहणारी दोन-तीन कुटुंबे आणि काही महिन्यांपुरते आलेले लोक मोजणीतून सहज निसटतात. 2000 आणि 2010 या दोन जनगणनांत गावाची लोकसंख्या जवळपास सारखीच, 2,273 आणि 2,227, दिसते. या दोन आकड्यांच्या मध्ये गाव एकदा फुगून, रिकामे होऊन पुन्हा भरले होते.

12 मे 2008

2003 च्या डिसेंबरमध्ये गावातला टर्की प्रक्रियेचा कारखाना आगीत जळाला आणि पुन्हा उभा राहिला नाही. त्यानंतर पोस्टविल एकाच मालकावर अवलंबून राहिले. अ‍ॅग्रिप्रोसेसर्समध्ये तेव्हा हजाराच्या आसपास माणसे कामाला होती. मजुरी कमी, सुरक्षेत ढिलाई, आणि अल्पवयीन मुलांना कामावर ठेवल्याचे आरोप होत होते.

12 मे 2008 च्या सकाळी शेकडो संघीय अधिकाऱ्यांनी कारखान्याला वेढा घातला. वर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होती. 389 जणांना अटक झाली. त्यांतले 290 ग्वातेमालाचे आणि 93 मेक्सिकोचे होते. त्यांना वॉटर्लू शहरातल्या जनावरांच्या प्रदर्शनाच्या मैदानावर नेले गेले आणि तिथल्या सभागृहांत तात्पुरती न्यायालये भरली. दहा-दहाच्या गटांत सुनावणी झाली. खोटा सामाजिक सुरक्षा क्रमांक वापरल्याचा गुन्हा कबूल केला तर पाच महिने तुरुंग आणि मग मायदेशी रवानगी. नाहीतर किमान दोन वर्षांची शिक्षा असलेला ओळखचोरीचा खटला, असा पर्याय ठेवला गेला. बहुतेकांनी कबुली दिली. तिथे दुभाषी म्हणून काम केलेले प्राध्यापक एरिक कामायद-फ्रेक्सास यांनी, आरोपींपैकी अनेकांना आरोपच समजला नव्हता, असे जाहीरपणे लिहिले आणि संसदीय समितीपुढेही मांडले. पुढच्या वर्षी, 2009 मध्ये, फ्लोरेस-फिगेरोआ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की तो क्रमांक खऱ्या व्यक्तीचा आहे हे आरोपीला ठाऊक होते, हे सिद्ध झाल्याखेरीज ओळखचोरीचा हा गुन्हा लागू होत नाही.

त्या दिवशी शेकडो लोक सेंट ब्रिजेट चर्चमध्ये आश्रयाला गेले. मुलांची देखभाल करण्यासाठी काही स्त्रियांना पायात इलेक्ट्रॉनिक कडे अडकवून सोडले होते; त्यांना काम करता येत नव्हते आणि गाव सोडताही येत नव्हते. चर्चने आणि गावकऱ्यांनी महिनोन्‌महिने त्यांचा शिधा आणि भाडे भागवले. भाड्याची घरे ओस पडली, दुकाने बंद झाली. कारखान्याने टेक्सासमधल्या निवारागृहांतून आणि प्रशांत महासागरातल्या पलाऊ या बेटराष्ट्रातून माणसे आणली. पलाऊच्या नागरिकांना करारानुसार अमेरिकेत व्हिसाशिवाय काम करता येते. मिनेसोटातून सोमाली मुस्लिम आले. पण नोव्हेंबर 2008 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. शोलोम रुबाश्किन यांना बँकेच्या फसवणुकीबद्दल 2010 मध्ये 27 वर्षांची शिक्षा झाली. बालकामगारांच्या राज्य खटल्यात मात्र ते त्याच वर्षी निर्दोष सुटले. डिसेंबर 2017 मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी त्यांची उरलेली शिक्षा माफ केली.

त्यानंतरचे गाव

2009 मध्ये कॅनडातले उद्योजक हर्शी फ्रीडमन यांनी कारखाना घेतला आणि ‘अ‍ॅग्री स्टार’ या नावाने चालू केला. कोशर उत्पादन सुरू राहिले, त्यामुळे हसिदी वस्तीही टिकली. सोमालींनी प्रार्थनेची जागा थाटली. त्या धाडीतल्या काही कुटुंबांना गुन्ह्याच्या बळींसाठी असलेला व्हिसा मिळाला आणि ती पोस्टविललाच राहिली किंवा परतली. इथे जन्मलेली त्यांची मुले जन्मानेच अमेरिकन नागरिक आहेत.

2020 च्या जनगणनेत पोस्टविलची लोकसंख्या 2,503 भरली, म्हणजे दहा वर्षांत सुमारे बारा टक्क्यांची वाढ. त्याच दशकात आयोवाच्या 99 काउंट्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश काउंट्यांची लोकसंख्या घटली आणि अलामकी त्यांतलीच एक होती. वाढणाऱ्या मोजक्या गावांचा ठसा सारखा आहे: स्टॉर्म लेक, डेनिसन, मार्शलटाउन अशा ठिकाणी मांस कारखाना आहे आणि कारखान्यामुळे बाहेरून आलेली तरुण कुटुंबे आहेत. कारखाना नसलेल्या शेजारच्या खेड्यांत सरासरी वय चढते आणि शाळेचा पट उतरतो.

पोस्टविलच्या भरभराटीची किंमतही त्यातच आहे. जोएल पोस्टच्या काळात गाव रस्त्यावर जगत होते, नंतर रेल्वे आणि शेतीवर. आता ते एका कारखान्यावर जगते, आणि त्या कारखान्याची माणसे मिळणे-न मिळणे स्थलांतराच्या कायद्यावर अवलंबून आहे. हे कायदे ठरवण्यात गावाचा हात नाही. जर्मनांच्या तिसऱ्या पिढीला जसे शेतीबाहेरचे काम शोधत शहराकडे जावे लागले, तसाच प्रश्न आज कत्तलखान्यातल्या मजुरांच्या मुलांपुढे आहे. ती गावात दुकान, शाळा किंवा कचेरीत स्थिरावली तर वस्ती टिकेल. कारखान्याच्या दारातून दरवेळी नवी माणसे आत येत आणि त्यांची मुले गाव सोडून जात राहिली, तर लोकसंख्येचा आकडा तोच राहूनही गाव दर पिढीला नव्याने वसवावे लागेल.